वाढीचे पेढे

साताऱ्याच्या त्या कॉलनीत निवृत्त फौजी इतके, की कुणी रस्त्यात मोठ्यानं 'सावधान' म्हटलं तर निम्म्या गॅलऱ्यांतली म्हातारी माणसं ताठ व्हावीत. वर्षातून दोनदा तिथं जादाची दिवाळी होई. दिल्लीत महागाई भत्ता जाहीर झाला, की पाण्याच्या टाकीखालच्या कट्ट्यावर कंदी पेढ्यांचा पुडा उघडायचा. ज्याची पेन्शन वाढली त्यानं पेढे द्यायचे असा तिथला रिवाज, आणि सगळ्यांचीच वाढायची म्हणून पाळी लावलेली. महागाई वाढली म्हणून भत्ता वाढला, मग पेढे कसले, असं एका नव्या सुनेनं एकदा विचारलं होतं. तिला कुणी उत्तर दिलं नाही, पेढा दिला.

एप्रिलमधला पुडा मात्र भामाबाई होवाळांचा असायचा. त्यांची पेन्शन विलायतेची, आणि तिकडची वाढ एप्रिलात होते. भामाबाईंनी जन्मात बंदूक धरली नव्हती, पण पेन्शन पौंडाची म्हणून कट्ट्यावर त्यांचा मान सुभेदारापेक्षा वरचा. सुभेदार सयाजीराव हे कट्ट्याचे कायमचे अध्यक्ष. पेढा तोंडात टाकून ते दरवर्षी तेच म्हणायचे, "शिष्टर, तुमच्या राणीचा पेढा लय ग्वाड." राणी गेल्यावर ते 'राजाचा पेढा' म्हणायला लागले, एवढाच काय तो फरक.

भामाबाई हसायच्या. पुडा रिकामा झाला की त्याच्या कागदाची घडी घालून घरी यायच्या. अशी सोळा वर्षं त्यांनी वाढीचे पेढे वाटले, आणि त्या सोळा वर्षांत त्यांची पेन्शन एका दमडीनं वाढली नव्हती.

आता एवढ्यासाठी माणसानं खोटं का बोलावं, असं कुणी म्हणेल. त्याला थोडं मागं जायला हवं.

भामाबाई मूळच्या कवठे महांकाळकडच्या. घरानं धम्म घेतला तेव्हा त्या आठ-नऊ वर्षांच्या होत्या. बापानं घरातले देव ओढ्याला सोडले आणि त्याच आठवड्यात पोरीला शाळेत घातलं. पुढं मिरजेत त्या नर्सिंग शिकल्या, आणि तिथल्याच एका डॉक्टर जोडप्याबरोबर त्यांची मुलं सांभाळायला इंग्लंडला गेल्या. डॉक्टर चार वर्षांत परतले. भामाबाई राहिल्या. मिरजेचं सर्टिफिकेट तिकडं चाललं नाही, म्हणून बर्मिंगहॅमजवळ म्हाताऱ्या माणसांच्या एका खासगी शुश्रूषागृहात मदतनीस म्हणून लागल्या आणि तिथंच त्यांची हयात गेली. इकडं भावांची घरं उभी राहिली, पुतण्या शिकला. लग्नाचं राहून गेलं. भावांना बहिणीची आठवण व्हायची ती पैसे यायला उशीर झाला की.

त्या शुश्रूषागृहात त्यांना मर्टल भेटली. मर्टल जमैकाची, भामाबाईंपेक्षा तीनेक वर्षांनी मोठी, धिप्पाड, आणि हसली की शेजारच्या खोलीतला म्हातारा जागा व्हावा अशी. दोघी रात्रपाळीला एकत्र लागल्या आणि वीस-बावीस वर्षं ती पाळी त्यांनी एकत्रच केली. गोऱ्या म्हाताऱ्यांना कुशीवर वळवायचं, ओली अंथरुणं बदलायची, उजाडताना त्यांच्या तोंडात चमच्यानं चहा घालायचा. त्यांतली काही म्हातारी चहा पिऊन वर यांनाच विचारायची, तुम्ही आपल्या देशात परत का जात नाही. सकाळी सुटका झाली की दोघी दारासमोरच्या बसस्टॉपवर बाकावर बसायच्या. पहिली बस यायची ती त्या मुद्दाम सोडायच्या. "जाऊ दे, पुढची घे," असं दोघींपैकी एक म्हणायचीच. घरी गेलं की झोप आणि चार भिंती. पोटातलं बोलणं काय ते त्या दोन बसच्या मधल्या वेळात व्हायचं.

मर्टल त्यांना 'बाम' म्हणायची. आमच्याकडं बाम कपाळाला चोळतात, असं भामाबाईंनी सांगितल्यापासून तिला नावात भलतीच गंमत वाटायला लागली. डोकं दुखलं की ती कपाळच पुढं करायची. भामाबाईही काही कमी नव्हत्या. एकदा नकाशाच्या पुस्तकात त्यांना शोध लागला, की जमैका म्हणजे आपला जेमतेम सातारा जिल्हा. शाळेत असताना त्यांच्या स्वतःच्या जिल्ह्याचं नावही दक्षिण साताराच होतं, त्यामुळं साताऱ्यावर त्यांचा हक्क होताच. झालं. "तुझा आख्खा देश माझ्या जिल्ह्याएवढा," हे त्यांनी मर्टलला इतक्या वेळा ऐकवलं, की ती नव्या माणसाला आपली ओळख "मी सातारा जिल्ह्याची" अशी करून द्यायला लागली.

मर्टलला पेन्शन आधी लागली, पण ती भामाबाईंसाठी थांबली. भामाबाईंची साठी झाली आणि दोघींनी एकाच महिन्यात आपापल्या देशाचं तिकीट काढलं. शेवटच्या सकाळी त्या बाकावर मर्टलनं बेत सांगितला. पेन्शन दर एप्रिलला वाढते. ती वाढ आपण खायची नाही, डब्यात टाकायची. दोघींच्या डब्यांत पुरेसं साठलं, की एका उन्हाळ्यात इथं यायचं आणि याच बाकावर बसायचं. भामाबाईंनी तिला टाळी दिली. त्या दिवशी त्यांनी दोन बस सोडल्या.

मर्टलला ऐकवून ऐकवून आपलाच झालेल्या साताऱ्याला येऊन घर लावल्यावर भामाबाईंना खरी गोष्ट कळली. ज्या देशांशी ब्रिटनचा तसा करार आहे तिथं राहणाऱ्यांचीच पेन्शन दरवर्षी वाढते; बाकीच्यांना देश सोडताना जी मिळत होती तीच मरेपर्यंत. जमैकाशी करार होता, भारताशी नव्हता. इंग्रजीत अशा पेन्शनीला गोठलेली म्हणतात. भामाबाई तिला मनात थिजलेली म्हणायच्या, कारण तिची रीत तुपाची होती. इंग्लंडात परत पाय ठेवला, तर जेवढे दिवस राहाल तेवढे दिवस वाढीव मिळणार, आणि घरी आलात की पुन्हा होती तशी घट्ट.

तेवढ्यात एप्रिल आला आणि मर्टलचा फोन आला. "बाम, आली का गं वाढ?"

आता काय सांगायचं? दोघींनी सारखीच ओझी उचलली, सरकारी पेन्शनीत सारखाच पैसा भरला, आणि सातारा जिल्ह्याएवढ्या देशानं जो करार केला तो आपल्या एवढ्या मोठ्या देशानं केला नाही, हे त्या बाईच्या तोंडावर सांगायचं? ती हसली असती. नसती हसली तर तिला कीव आली असती, आणि ते तर हसण्याहून वाईट. "आली," भामाबाई म्हणाल्या. पुढच्या वर्षी सांगू, असं त्यांनी ठरवलं. पुढच्या वर्षी सांगणं आणखी अवघड होतं, त्याच्या पुढच्या वर्षी तर फारच. त्याच सुमाराला कट्ट्यावर सयाजीरावांनी विचारलं होतं, "शिष्टर, तुमची वाढ कवा असती?" आणि त्यांच्या तोंडून "एप्रिलात" असं निघून गेलं होतं. मग पेढे आलेच.

पेन्शन थिजली, बाजारभाव काही थिजले नाहीत. आधी पेपर बंद झाला. मग धुण्याभांड्याची रंगूबाई. "डॉक्टर म्हनला, हातपाय हलवा," असं सांगून भामाबाईंनी तिला बंद केलं. पण रंगूबाई भांड्यांबरोबर आख्ख्या कॉलनीच्या बातम्या घासायची. ती गेली तशी घरात दुसऱ्या माणसाचा आवाज राहिला नाही. कवठ्याचा पुतण्या बुद्धभूषण सणावाराला फोन करायचा. "मीच येऊन राहते की चार महिनं," असं त्या एकदा धीर करून म्हणाल्या. तो घाबरलाच. "आवं आत्या, आमच्याकडं कमोड न्हाई, गिझर न्हाई. तुमची लय आबाळ व्हईल." त्या ज्या घरात राहायला मागत होत्या, त्याच घरात शेणानं सारवलेल्या भुईवर त्या जन्मल्या होत्या. पण पौंडवाल्या बाईला कोण ये म्हणणार? तिला कोणी जेवलीस का असंही विचारत नाही, जेवलीच असेल असं धरून चालतात. भामाबाईंना फार एकटं वाटायचं, आणि तसं सांगण्यासारखं माणूस एकच होतं. तिलाच त्यांनी थाप मारून ठेवली होती.

रविवारी दिवेलागणीला मर्टलचा फोन यायचा. तिकडं तेव्हा सकाळ असते आणि ती चर्चला निघालेली असायची. यंदाच्या एप्रिलमध्ये तिनं वाढीचं विचारलंच नाही. "डबा भरला, बाम," ती म्हणाली. "ऑगस्टमध्ये जाऊ. माझा मुलगा तिकडंच आहे, माझी सोय होईल. गुडघे आता साथ देत नाहीत. यंदा नाही, तर मग आपण वरच भेटू, आणि तुमचं बौद्धांचं वर वेगळं असलं तर पंचाईत."

"बघते," भामाबाई म्हणाल्या. त्यांच्या घरात तसला डबाच नव्हता. फोन ठेवल्यावर त्यांनी दिवा लावला. मर्टलला भेटायचं होतं त्यांना. आयुष्यात दुसरं काही मागायचं राहिलंय, असं त्यांना वाटत नव्हतं.

आणि मे महिन्यात सयाजीराव पेपर आणि पेढ्यांचा पुडा घेऊन दारात हजर झाले.

"शिष्टर, करार झाला. आपला आनि ब्रिटनचा."

"कसला करार?"

"यापाराचा. आनि त्याच्या जोडीला ह्यो बगा, सामाजिक सुरक्षेचा. म्हंजी पेन्शनच की. तुमची आदीच वाढती, आता डबल वाढनार. आनि मागला फरकबी गावनार. आमाला न्हाई का, वन रँक वन पेन्शनच्या टायमाला समदा फरक एकदम दिला?"

फौजी माणसाला पेन्शनीचा करार म्हटला की फरक आलाच. भामाबाईंनी चष्मा लावला. मथळा वाचला: सामाजिक सुरक्षा, करार, ब्रिटन. मग चष्मा काढून ठेवला. त्या कॉलनीत ती बातमी इंग्रजीतून मुळापासून वाचू शकणारं म्हातारं माणूस त्या एकट्याच, आणि नेमकी त्यांनीच ती वाचली नाही. सोळा वर्षांचा फरक. त्यात तिकीट सहज बसलं असतं, डबाही भरला असता, आणि थाप खरी झाली असती. त्यांनी पुड्यातले दोन पेढे एकदम खाल्ले.

रविवारपर्यंत त्यांना दम निघाला नाही. त्यांनीच फोन लावला. "मर्टल, येते मी ऑगस्टमध्ये." पलीकडं ती बाई चक्क गायला लागली.

पुढचे काही दिवस फार चांगले गेले. भामाबाईंनी ट्रंकेतून निळा गरम कोट काढला, मे महिन्याच्या उन्हात गॅलरीत टांगला आणि त्याच्या खिशातला कडुलिंबाचा चुरा झटकला. भाकरी थापताना त्या इंग्रजीत मोठ्यानं बोलायच्या, मर्टलला काय काय सांगायचं त्याची उजळणी. बुद्धभूषणलाही त्यांनी फोन करून सांगितलं. "जावा की आत्या, तुमाला काय, लंडन म्हंजी सांगलीच," तो म्हणाला.

कोट बघूनच अंकिता आली. ती सयाजीरावांची नात, पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत असते, सुट्टीला आली होती. "आजी, मला पण असाच कोट घ्यायचाय. कंपनी मला पुढच्या वर्षी दोन वर्षांसाठी तिकडं पाठवणारे."

"चांगलं झालं की."

"हो ना. आणि तो करार झाला ते आमच्यासाठी बरंच झालं. नाहीतर पगारातून पेन्शनसाठी इथंही कपात आणि तिकडंही. करार लागू झाला की तिकडची कपात वाचेल, इथलीच तेवढी भरायची."

भामाबाई चहाचं आधण ठेवत होत्या. त्यांनी पातेलं हातातच धरलं. "आनि ज्यांनी तिकडं आदीच भरलंय? म्हाताऱ्या मानसांनी?"

"त्यांचं त्यात काही नाही, आजी."

"एक ओळसुदीक न्हाई?"

"नाही. कंपनीनं आम्हाला सगळं नीट समजावलंय. थोड्या वर्षांसाठी जाणाऱ्यांपुरताच आहे तो. का हो?"

भामाबाईंनी चहा केला. अंकितानं तो पिऊन होईपर्यंत त्या इकडचं तिकडचं बोलत राहिल्या. काय बोलल्या ते त्यांना नंतर आठवेना. ती निघाली तेव्हा त्यांनी गॅलरीतला कोट काढून तिच्या अंगावर घातला. तो तिला खांद्यात जरा सैल होत होता.

"गळ्याचं बटन लावत जा. तिकडं वारं गळ्यातनं शिरतं."

"आणि तुम्ही काय घालणार, आजी?"

"साताऱ्यात कसली एवढी थंडी?" भामाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या कट्ट्यावर गेल्या. खोट्याचा त्यांना आता वीट आला होता. कुठून तरी सुरुवात करायची म्हणून त्या उभ्यानंच म्हणाल्या, "सुभेदार, माझी पेन्शन न्हाई वाढनार. कवाच वाढल्याली न्हाई. गेल्या सोळा वर्सांत एकदाबी न्हाई. थिजलीया ती."

सयाजीरावांनी डोळे बारीक केले. "मग एवढी वरसं आमी प्याढं कसलं खाल्लं?"

"माझ्या थापंचं."

कट्टा खदखदून हसला. "शिष्टर लय मस्करी करत्यात," सयाजीराव डोळे पुसत म्हणाले. "आवं, सरकारी पेन्शन कुटं थिजती व्हय? थिजतं त्ये तूप." वाढत नाही अशी पेन्शन असते, हे त्या माणसांच्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं. कुणीतरी त्यांना बसायला जागा करून दिली. भामाबाई थोडा वेळ बसल्या, त्यांच्याबरोबर थोडं हसल्या आणि घरी आल्या.

राहता राहिली मर्टल. रविवारी फोन आला, आणि तिला बोलूच न देता भामाबाईंनी सगळं सांगून टाकलं. करार कुणाचा, थिजली कधी, डबाच कसा नाही ते सगळं.

"केव्हापासून खोटं बोलतेस?" मर्टलनं विचारलं.

"पहिल्या एप्रिलपासून."

"वादळात माझ्या स्वयंपाकघराचं छप्पर गेलं होतं," मर्टल म्हणाली. "मी डब्याला हात लावला नाही. प्लॅस्टिक बांधून दोन पावसाळे काढले. का, तर बाम पण तिकडं हात लावत नसेल."

"माझं चुकलं."

"छपराचं जाऊ दे. माझं एकटीचं तिकीट कधीच साठलं होतं, मूर्ख बाई. कितीतरी वर्षांपूर्वी. मी तुझ्या डब्यासाठी थांबले होते. तू सांगितलं असतंस, तर मी तुझ्याकडं आले असते. तुझ्या त्या जिल्ह्यात. तेव्हा मला चालता येत होतं." तिनं नाक शिंकरलं. "आता डॉक्टर मला इंग्लंडात मुलाच्या घरापर्यंतच जाऊ देतोय, त्याच्या पुढं नाही."

फोन बंद झाला.

भामाबाई रडल्या. आईच्या मातीलासुद्धा त्यांना वेळेवर पोचता आलं नव्हतं, तेव्हाही त्या एवढ्या रडल्या नव्हत्या. मर्टल इथं या खुर्चीत बसली असती. किल्ल्याकडं बोट दाखवून हे काय म्हणाली असती, कट्ट्यावर जाऊन तिनं सयाजीरावांच्या पाठीत थाप मारली असती. हे सगळं होण्यासारखं होतं. एका फुशारकीपायी ते झालं नाही, आणि आता होणार नव्हतं.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. भामाबाईंनी दोनदा लावला, तो वाजून वाजून थांबला. पावसाळा लागला. रविवारी दिवेलागणीला त्या खुर्ची फोनजवळ ओढून बसायच्या आणि जेवायची वेळ झाली की उठायच्या. कट्ट्यावर कुणी ना कुणी विचारायचंच, "शिष्टर, कवा निगायचं लंडनला?" त्या म्हणायच्या, "बघू."

ऑगस्टमध्ये एका मधल्याच वारी, दुपार कलताना फोन वाजला. पलीकडं गाड्यांचा आवाज होता.

"बाम," मर्टल म्हणाली. "मी बसलेय."

भामाबाईंना कुठं असं विचारावं लागलं नाही. त्या खुर्चीच्या कडेवर टेकल्या.

"आपलं म्हाताऱ्यांचं घर आता तसं राहिलं नाही. लोकांनी फ्लॅट केलेत. आपल्याला परत जा म्हणायची त्या म्हातारीच्या खिडकीत कुणीतरी सायकल टांगलीय. बाकही लोखंडाचा झालाय. जागा तीच आहे पण. तुझ्या बाजूला मी पर्स ठेवलीय, कुणी येऊन बसू नये म्हणून."

"गुडघे?"

"आहेत. तुला तिकडं काय दिसतं?"

भामाबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. "पाण्याची टाकी. मागं अजिंक्यतारा. किल्ला आहे आमचा. आत्ता सगळा हिरवा झालाय."

"असू दे तुझा किल्ला. समुद्र आहे का तुझ्या जिल्ह्यात?"

"नाही."

"माझ्यात आहे," मर्टल म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी भामाबाईंनी ते शेजारच्या खोलीतला म्हातारा उठवणारं हसणं ऐकलं. मग हसणं थांबलं. लांबून जड गाडी येत असल्याची घरघर ऐकू आली आणि ब्रेक करकरले.

"बस आली गं," मर्टल म्हणाली. "मुलानं सांगितलंय, हिच्यानंच ये."

भामाबाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. "पुढची घे."

फोनमध्ये बसचं दार उघडलेलं ऐकू आलं, कुणीतरी काही विचारलेलं ऐकू आलं, दार मिटलं, आणि घरघर लांब गेली.

"हं," मर्टल म्हणाली. "बोल."